बोन्साय मॅपलवर वेगळंच पान दिसलं तर काय करावं

पानाचा रंग किंवा आकार कितीही विचित्र असो, आधी ते झाडावर कुठे फुटलं आहे ते तपासा. कारणाचा निम्मा उलगडा तिथेच होतो. देठापासून डोळ्याकडे (देठाच्या बुडाशी असलेल्या कळीकडे), डोळ्यापासून फांदीकडे आणि तिथून खोडापर्यंत उलटं खाली या. त्या फांदीला रंगीत दोरा सैल बांधा आणि पानाचा फोटो तारखेसह ठेवा. छाटणीची घाई नको, अपवाद फक्त खालच्या पहिल्या प्रकाराचा, म्हणजे जोडाखालच्या फुटव्याचा.

कलमाच्या जोडाखालून आलेलं पान

जपानी मॅपलच्या रंगीत, चट्टेदार आणि बारीक चिरलेल्या पानांच्या जाती बहुतेक वेळा कलमीच असतात आणि त्यांचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो मुळांसकटचा खालचा भाग, साध्या हिरव्या जपानी मॅपलचा असतो. खोडावर सालीचा पोत अचानक बदलतो किंवा थोडा फुगवटा दिसतो, तो जोड. त्याखालून पाच किंवा सात खंडांचं (बोटांसारख्या भागांचं) साधं हिरवं पान आलं, तर तो खुंटाचा फुटवा समजा. तो जोमदार असतो आणि वरच्या जातीचं अन्नपाणी ओढतो, म्हणून कोवळा असतानाच बोटांनी तळातून उपटून काढा. कात्रीने अर्धवट कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून दोन-तीन नवे फुटवे येतात. जाड झाला असेल तर कॉन्केव्ह कटरने (खोलगट काप देणाऱ्या बोन्सायच्या कात्रीने) खोडालगत कापून जखमेवर जखम झाकणारी पेस्ट लावा.

जोडाच्या वर, एकाच फांदीवर

इथे दोन शक्यता. चट्टेदार जातीत पूर्ण हिरवी फांदी आली, तर झाड मूळ रूपाकडे परतलं आहे. ‘उकिगुमो’ किंवा ‘बटरफ्लाय’सारख्या जातींवर लक्ष ठेवावंच लागतं. चट्टेदार पानांच्या अनेक जातींत शेंड्याच्या वाढबिंदूतले थर एकसारखे नसतात. काहींत हरितद्रव्य असतं, काहींत नसतं. एखादा डोळा फक्त हिरव्या पेशींतून घडला की त्याची सगळी फांदी हिरवी येते. हरितद्रव्य जास्त म्हणून ती वेगाने वाढते आणि सोडून दिली तर काही वर्षांत झाड व्यापते.

नुसता शेंडा खुडून इथे भागत नाही, कारण हिरव्या लाकडावरचे पुढचे डोळेही हिरवेच फुटतात. जिथे शेवटची चट्टेदार पानांची जोडी आहे तिथपर्यंत मागे या आणि तिच्या वर कापा. अशी जोडीच नसेल तर फांदी तिच्या बुडापासून कापून काढा. बारीक फांदी वाढीच्या हंगामात केव्हाही चालते. जाड फांदी हिवाळ्याच्या अखेरीस, डोळे फुगत असताना कापू नका. त्या वेळी मॅपलच्या जखमेतून रस बराच वाहतो. पानं उन्हाळ्यात पक्की झाल्यावर किंवा पानगळ होत आली की कापणं बरं. पूर्ण पांढरी फांदी दिसायला सुंदर असते, पण ती स्वतःचं अन्न बनवत नाही आणि तिची पानं उन्हात करपतात. अशा फांद्या मोजक्याच ठेवा.

दुसरी शक्यता म्हणजे कळीतला खरा बदल. सगळं झाड साधं असताना एकाच फांदीवर आखूड पेरांची, वेगळ्या रंगाची किंवा अरुंद खंडांची पानं येतात. मॅपलच्या कित्येक जाती अशाच फांद्यांतून जपल्या गेल्या आहेत, म्हणून ती कापून टाकणं खरंच नुकसानीचं आहे. दोन हंगाम पाहा. दुसऱ्या वसंतातही तीच पानं आली, तर फांदीचं गुटी कलम करा, म्हणजे ती झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्या:

1. पहिली पालवी पक्की झाल्यावर फांदीच्या जाडीच्या दुप्पट रुंदीची साल वर्तुळाकार काढा.
2. आतला ओलसर हिरवट थर घट्ट लाकूड लागेपर्यंत खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत.
3. वरच्या कडेला मुळं फुटण्याचं संजीवक लावा.
4. भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) मूठभर गुंडाळा, वर प्लास्टिक घ्या आणि दोन्ही टोकं बांधा.
5. मॉस सुकू देऊ नका. साधारण दोन-तीन महिन्यांत मुळं प्लास्टिकमधून दिसतात. ती भरगच्च झाल्यावरच मॉसच्या खाली कापा आणि मॉस न सोडवता कुंडीत लावा.

बियांतून हा गुण टिकेल याची खात्री नसते. जपानी मॅपलची बियांची रोपं एकमेकांसारखी नसतातच.

सगळ्या झाडावर फरक

हे बहुधा परिस्थितीचं किंवा वाढीचं काम असतं. लाल पानांच्या जातीला ऊन कमी पडलं की लाल रंगद्रव्य कमी बनतं आणि पानं हिरवट-तपकिरी होतात. ‘देशोजो’ ही जात वसंतात लालभडक असते आणि उन्हाळ्यात हिरवी होते. तो तिचा स्वभाव आहे, खतं ओतू नका. जोरात वाढणाऱ्या फुटव्यावरची पानं मोठी आणि खोल चिरांची येतात, तर पानं खुडल्यावर आलेली दुसरी पालवी लहान असते. ट्रायडंट मॅपल या दुसऱ्या प्रजातीत कोवळ्या जोमदार फांदीवर खोल तीन खंड आणि दातेरी कड, तर जुन्या फांदीवर जवळजवळ अखंड पान, असं एकाच झाडावर दिसू शकतं. बीपासून उगवलेल्या रोपाची पहिली दोन पानं लांबट पट्टीसारखी असतात, ती बीजपत्रं.

नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडतंय. जुन्या पानांत तसं दिसलं तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. एक भाग कुंडीतली माती आणि दोन भाग डिस्टिल्ड पाणी ढवळून अर्धा तास ठेवा आणि सामूपट्टीने सामू (pH) तपासा. 5.5 ते 6.5 चांगला. सामू 7 च्या वर असेल तर लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी ईडीडीएचए स्वरूपातलं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) पाकिटावरच्या मात्रेत द्या आणि जड पाण्याऐवजी पावसाचं पाणी वापरा. ईडीटीए स्वरूप जास्त सामूत टिकत नाही, तिथे पैसे वाया जातात.

रोगाची खूण ओळखा

आखडलेली, चिकट पानं दिसली तर उलटी बाजू पाहा, मावा (रस शोषणारी बारीक कीड) असतो. पानं वाटीसारखी वळलेली, शिरा समांतर ओढल्यासारख्या असतील तर जवळपास तणनाशक उडालं असण्याची शक्यता धरा. एकच फांदी लहान पानं देत सुकत असेल तर तिचा काप पाहा. लाकडात हिरवट-तपकिरी रेघा असतील तर मर रोगाची दाट शंका. ते झाड वेगळं ठेवा आणि त्याची माती पुन्हा वापरू नका. शिरांना न जुमानता पसरलेले फिकट ठिपके किंवा नक्षी, सोबत वेडीवाकडी पानं आणि खुंटलेली वाढ असेल, तर विषाणूचा संशय घ्या. त्या फांदीवरून कलम करू नका. कात्री एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवून, धुऊन, पुसून तेल लावल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.