इंडिका-डॉमिनंट स्ट्रेन खरंच रिलॅक्सिंग आहे का हे कसं ओळखायचं

गांजाचा इंडिका प्रकार म्हटलं की लोक धरूनच चालतात की आता अंग सैल पडणार, डोळे जड होणार आणि सोफ्यावरून उठवणार नाही. बऱ्याचदा होतंही तसं, पण पाकिटावर इंडिका छापलंय म्हणून होतं असं नाही, त्यामागे त्या मालातली केमिस्ट्री, तुम्ही किती घेतलं आणि कसं घेतलं हे सगळं असतं. म्हणून "८० टक्के इंडिका" एवढंच वाचून ठरवू नका, बाकी काय काय बघायचं ते खाली लिहितोय. हे सगळं जिथे गांजा कायदेशीर आहे, लॅब टेस्ट झालेला माल मिळतो आणि तुमचं वय नियमात बसतं तिथल्यासाठीच आहे, हे आधीच क्लिअर करतो.

आधी झाड, कारण इंडिका हा शब्द मुळात झाडाचा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये गांजाच्या झाडाला सटायव्हा हे नाव दिलं आणि १७८५ मध्ये लामार्क या दुसऱ्या शास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून इंडिका ही वेगळी जात सांगितली. आज बाजारात ज्याला इंडिका म्हणतात ते बहुतेक हिंदुकुशच्या डोंगराळ पट्ट्यातून, म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून आलेल्या झाडांच्या वंशातलं असतं. झाड बुटकं आणि झुडपासारखं, पानांची पाती रुंद आणि गडद, कळ्या म्हणजे बड्स घट्ट आणि वजनदार, फुलोरा साधारण ७ ते ९ आठवड्यांत तयार. हे ओळखायला सोपं आहे पण यावरून फक्त झाड कसं वाढतं ते कळतं, डोक्यावर आणि अंगावर काय परिणाम होईल ते कळत नाही. आणि आता शुद्ध असं काही फारसं उरलेलंच नाहीये, इतके क्रॉस झालेत की जवळपास सगळं हायब्रिडच. नॉर्दर्न लाइट्स, बब्बा कुश, ग्रँडडॅडी पर्पल ही नावं इंडिका-डॉमिनंट स्ट्रेन, म्हणजे इंडिकाचा वाटा जास्त असलेले वाण, म्हणून प्रसिद्ध आहेत, पण एकाच नावाचा माल दोन वेगळ्या ग्रोअर्सकडून घेतला तर तो वेगळा निघू शकतो. जांभळ्या रंगावरही जाऊ नका, तो अँथोसायनिनमुळे येतो, त्याचा स्ट्राँग असण्याशी काही संबंध नाही.

आता लेबल. पहिला आकडा लोक बघतात तो टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या मुख्य द्रव्याचा, आणि जितका जास्त तितकं रिलॅक्स असं समजतात, इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. टीएचसी कमी प्रमाणात असेल तर मन शांत होतं पण तेच जास्त झालं की उलट छाती धडधडते, घाबरायला होतं, विचार थांबत नाहीत. ज्याला नुसतं शांत बसायचंय त्याने २५-३० टक्क्यांच्या मागे लागायची काहीच गरज नाही, कमी टीएचसी आणि सोबत थोडं सीबीडी (गांजातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य) असलेला माल नवीन माणसाला जास्त झेपतो असं माझं स्पष्ट मत आहे. कच्च्या बडमध्ये बहुतेक टीएचसीए असतं आणि गरम झाल्यावर त्याचं टीएचसी होतं, तेव्हा लेबलवर टीएचसीए २० टक्के लिहिलं असेल तर त्याला ०.८७७ ने गुणा, म्हणजे जास्तीत जास्त साडेसतरा टक्क्यांच्या आसपास टीएचसी हातात येतं.

पण माझ्या दृष्टीने खरी मजा टर्पीन्समध्ये आहे, म्हणजे वास देणारी द्रव्यं. इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात बऱ्याचदा मायर्सीन जास्त असतं, मातीसारखा, थोडा कस्तुरीसारखा, पिकलेल्या फळाचा वास, हेच द्रव्य आंब्यात आणि बिअरमधल्या हॉप्समध्येही असतं. लिनालूल म्हणजे लॅव्हेंडरचा फुलांचा वास. कॅरिओफायलीन म्हणजे काळ्या मिरीचा झणका, आणि हे टर्पीन शरीरातल्या सीबी२ रिसेप्टरला, म्हणजे गांजातली द्रव्यं जिथे काम करतात त्यातल्या एका जागेला, थेट चिकटतं. २०२१ मध्ये नेचर प्लांट्समध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की इंडिका-सटायव्हा ही लेबलं झाडाच्या एकूण वंशावळीशी नीट जुळत नाहीत, जुळतात ती मोजक्या टर्पीन्सशी, आणि इंडिकाच्या बाजूला मायर्सीन होतं. म्हणजे लोक पिढ्यानपिढ्या वासावरूनच नाव देत आलेत असं दिसतं. म्हणून टर्पीन रिपोर्ट मिळत असेल तर तो मागून घ्या, मायर्सीन आणि लिनालूल वरच्या नंबरला आहेत का बघा, टर्पिनोलीन वर असेल तर तो माल सहसा सटायव्हाच्या नावाने विकला जातो. मायर्सीनने झोप येते याचे पुरावे मात्र मुख्यतः उंदरांवरचे आहेत, माणसांवरचं काम कमी आहे, तेव्हा याला दिशा समजा, गॅरंटी नाही.

सीबीएन या गांजातल्या आणखी एका द्रव्याबद्दलही हेच, जुन्या मालात टीएचसी मोडून ते तयार होतं आणि झोपेचं औषध म्हणून त्याचा खूप गाजावाजा आहे, पुरावा अजून कच्चा आहे.

घेताना वेळ सांभाळा. व्हेप किंवा धूर घेतला तर काही मिनिटांत कळतं आणि २ ते ४ तासांत उतरतं, धुराने फुप्फुसाला त्रास होतोच, तो इंडिका असो नाहीतर काहीही. खाण्यातून घेतलं तर लागायला अर्धा ते दोन तास जातात कारण ते लिव्हरमधून जातं आणि तिथे जास्त तीव्र असं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनतं, परिणाम ६-८ तास किंवा त्याहूनही जास्त राहतो. म्हणून खाण्यातून पहिल्यांदा २.५ मिलीग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि "काहीच होत नाहीये" म्हणून तासाभरात दुसरा तुकडा खाणं हीच सगळ्यात कॉमन चूक. नवीन बड असेल तर एक झुरका, मग पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि अंग कसं वाटतंय बघा. स्ट्रेन, टर्पीन्स, किती घेतलं, झोप कशी लागली हे वहीत लिहून ठेवा, चार-पाच नोंदी झाल्या की तुमच्या शरीराला काय मानवतं ते कुठल्याही लेबलपेक्षा चांगलं कळेल.

तोंड कोरडं पडणं, डोळे लाल होणं, पटकन उभं राहिल्यावर गरगरणं हे होतंच, पाणी जवळ ठेवा, सावकाश उठा. दारूसोबत अजिबात नको, दारूमुळे रक्तातलं टीएचसी वाढतं. गाडीला हात लावायचा नाही. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) झालेला असेल, हार्टचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या वगैरे गोळ्या चालू असतील तर यापासून लांबच राहा, गोळ्यांबद्दल डॉक्टरला खरं सांगून विचारा. आणि रोज झोपेसाठी घेऊ नका प्लीज, सवय होते, डोस वाढत जातो आणि बंद केल्यावर काही दिवस झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात.

शेवटी साठवण. घट्ट झाकणाची काचेची बरणी, अंधारी आणि थंड जागा, आतली आर्द्रता ५८ ते ६२ टक्के, नाहीतर टर्पीन्स उडून जातात आणि ज्या वासासाठी माल निवडला तोच राहत नाही. इंडिकाचे बड घट्ट असल्याने आत बुरशी लपून बसते, म्हणून वापरण्याआधी फोडून बघा, करडा-पांढरा कापसासारखा थर किंवा कुबट वास आला तर सगळाच टाकून द्या, आणि बरणी कुलुपात, मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाताला न लागेल अशी.