तोटी तुंबली, तुसाने सुटली

न्यू जर्सीतल्या गॅरेजमध्ये डब्यातल्या तयार माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पाकाची बिअर करून कंटाळलो. मग पिकनिकच्या कूलरला तोटी नि तळाशी जाळी बसवून थेट धान्यावर आलो. अडीच किलो जवाचं माल्ट, तेवढंच गव्हाचं, १५ लिटर पाणी, ६७ अंश सेल्सिअसवर तासभर. तोटी उघडली; वाटीभर गोड रस आला आणि बंद! आत नुसती खळ. जवाच्या टरफलांची आपोआप गाळणी होते, गव्हाच्या दाण्याला टरफलच नसतं. भाताचं तूस आणलं (कोकणात फुकट, इथे विकत!). पाव किलो धुऊन मिसळलं, १० मिनिटं थांबलो. तोटी जेमतेमच उघडली, नाहीतर थर दबतो. पहिले तीन लिटर गढूळ होते, ते परत वर ओतले. मग धार स्वच्छ.