अंकांच्या मुळांवरून इंग्रजी शब्द

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा असेल, तर अंकवाचक ग्रीक आणि लॅटिन मुळांपासून सुरुवात करावी, कारण मराठी वाचकाला त्यांतली बरीचशी ओळखीची वाटतील. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच भाषाकुळातल्या असल्याने त्रि आणि ‘ट्राय’, अष्ट आणि ‘ऑक्टो’, दश आणि ‘डेका’ ही सख्खी भावंडेच आहेत.

मला सर्वांत उपयोगी वाटते ते सूत्र असे: शब्दाच्या आरंभी स्वरापूर्वी येणाऱ्या जुन्या ‘स’चा ग्रीकमध्ये बहुधा ‘ह’ होतो, लॅटिनमध्ये मात्र तो टिकतो. म्हणून सप्त हा लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ आणि ग्रीकमध्ये ‘हेप्टा’ आहे. हेप्टॅथलॉनमध्ये सात क्रीडाप्रकार का असतात, हे मग पाठ करावे लागत नाही. षट्‌शी नाते सांगणारा ‘हेक्सा’ हेक्सागॉनमध्ये, म्हणजे षटकोनात, दिसतो.

सप्टेंबर नववा महिना असूनही नावात सात का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे, त्यामुळे सप्टेंबर सातवा आणि डिसेंबर दहावा ठरत असे. वर्षारंभ जानेवारीत गेला तरी नावे तशीच राहिली.

वहीत प्रत्येक अंकाला एक पान द्यावे आणि वाचनात भेटलेला शब्द अर्थासह तिथे नोंदवावा. मात्र कोश पाहिल्याशिवाय नोंद करू नये: बायसिकलमधला ‘बाय’ दोनाचा आहे, पण बायोग्राफीतला ‘बायो’ जीवन या अर्थाच्या ग्रीक ‘बायोस’पासून आला आहे.