कारवानी पिल्लं कोंडून वाढवली, त्याची गोष्ट

‘कारवानी कुत्र्यांचं ब्रीडिंग सुरू करायचंय, काय काय लागेल?’ असा फोन मला महिन्यातून तीन-चार वेळा तरी येतो. बोलणाऱ्याला बहुतेक गोष्टी माहीत असतात. मादी माजावर कधी येते, गाभणपणाच्या 63 दिवसांचा हिशेब, पहिल्या दिवशी चीक पोटात गेलाच पाहिजे, दोन आठवड्यांपासून जंताचं औषध, हे सगळं त्याने कुठेतरी पाहिलेलं असतं. म्हणून ते मी इथे उगाळत नाही. मी बुडालो तो खड्डा वेगळाच होता, आणि त्याबद्दल मला आधी कोणी धड सांगितलं नव्हतं.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. डाळिंबाची बाग, थोडी शेरडं, आणि आजोबांपासून दारात कारवानी. धंदा म्हणून सुरुवात मी केली. हरणी नावाची आमची मादी पहिल्यांदा व्याली तेव्हा सात पिल्लं झाली. सहाव्या आठवड्यात लशीचं इंजेक्शन दिलं आणि मी निर्धास्त झालो. सातव्या आठवड्यात एक पिल्लू दुधाकडे फिरकेना. संध्याकाळी उलट्या, रात्री रक्ताची हगवण. तो वास ज्याने एकदा घेतलाय त्याला ‘पार्वो’ या जीवघेण्या रोगाचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. चार दिवसांत पाच पिल्लं गेली. मी रोज दोनदा फिनेलने फरशी धूत होतो आणि स्वतःला शाबासकी देत होतो. पार्वोच्या विषाणूला फिनेलने काही होत नाही, हे मला नंतर कळलं. ब्लीच लागतं, तेही पक्क्या फरशीवर. मातीत तो महिनोन्महिने टिकतो आणि माती काही धुता येत नाही.

लस देऊनही असं का झालं, हे दोन वाक्यांत सांगतो. आईच्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं तेच लशीलाही निकामी करतं, आणि ते कधी ओसरेल याचा नेम नसतो; एखाद्याचं सहाव्या आठवड्यात संपतं, एखाद्याचं चौदाव्या-सोळाव्यापर्यंत टिकतं. म्हणून सोळा आठवडे होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा पुन्हा द्यायची असते. ‘एक इंजेक्शन झालंय, आता काही नाही’ असं म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका.

इथवरची चूक पुष्कळांची होते. माझी खरी चूक पुढच्या वेताला झाली.

हरणीच्या दुसऱ्या वेताला सहा पिल्लं. या वेळी मी पणच केला होता. विहिरीजवळची मोटारीची खोली रिकामी केली, नवीन फरशी टाकली, दाराला जाळी, जाळीला पोतं. आत फक्त मी जाणार, तेही चप्पल बाहेर काढून, हात धुऊन. बायकोला मनाई, पोरांना मनाई, पाहुण्यांना तर गेटातूनच परत. आई म्हणालीसुद्धा, ‘अरे, कुत्र्याची पिल्लं आहेत का बाळंतीण बसलीय?’ मी ऐकलं नाही. सगळ्या लशी वेळेवर, वजन वहीत, अंगावर तेज असं की हात घसरावा. सोळा आठवडे पुरे झाले आणि मी दार उघडलं.

इंदापूरकडचे एकजण पिल्लू बघायला आले होते. साधा माणूस, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. त्यांना पाहताच सहाच्या सहा पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून कोपऱ्यात गेली. दोन जागच्या जागी मुतली. एकाला मी उचलून त्यांच्या हातात द्यायला गेलो तर ते असं किंचाळलं की बागेतले गडी धावत आले, आणि त्याने माझ्याच अंगठ्यात दात रुतवले. बाहेर आणलं तर गवताला भ्यायली. वाऱ्याने हलणाऱ्या शेडनेटला भ्यायली. मोटारसायकल सुरू झाली तेव्हा एक पिल्लू पाइपांच्या ढिगात जे घुसलं ते रात्री नऊला बाहेर निघालं. चार पिल्लं मी पडत्या भावाने दिली. दोन विकलीच गेली नाहीत. दिलेल्यांतलं एक तीन महिन्यांनी परत आलं, कारण त्याने घरातल्या लहान पोराला चावा घेतला होता. मागे हटायला जागा उरली नाही की बुजरं कुत्रं चावतं. परत आलेल्या पिल्लाचं नाव पाखऱ्या. तो अजून माझ्याकडे आहे.

हे मी लांबण लावून सांगतोय, कारण नवीन माणूस नेमका इथेच चुकतो, आणि चुकतो तेव्हा आपण फार काळजी घेतोय असंच त्याला वाटत असतं.

नंतर आमच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत एक काळ असतो. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं, ते ‘आपलं’ होतं. त्यानंतर भेटलेली प्रत्येक नवी गोष्ट आधी शत्रू असते. 1961 साली अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि इलियट या संशोधकांनी पिल्लं कुंपणाच्या आत, माणूस दिसणार नाही अशी वाढवली आणि वेगवेगळ्या वयात काही पिल्लं थोड्या दिवसांसाठी माणसांत आणली. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही ती रानटी जनावरासारखी झाली. मी माझ्या मोटारीच्या खोलीत तोच प्रयोग केला होता, माझ्या खर्चाने. माणूस म्हणून त्यांना एकटा मी माहीत. माझ्याजवळ ती गुणी होती, म्हणून तर सोळा आठवडे मला काही कळलंच नाही.

पार्वोने पिल्लू चार दिवसांत जातं ते दिसतं. बुजरेपणाने ते बारा वर्षं हळूहळू वाया जातं.

आता गंमत बघा. आमच्या भागात मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर मी पिल्लं पाहिली आहेत. ती बुजत नाहीत. घोड्याच्या पायात, मेंढरांच्या लेंड्यांत, चुलीपाशी, पोरांच्या कुशीत वाढतात. रोज नवं गाव, नवा रस्ता, ट्रकचे हॉर्न. त्यातली रोगाने मरतातही, ते मी झाकत नाही. पण जगतं ते काम करतं. मला पहिले धडे देणारे अण्णा नेहमी म्हणायचे, ‘पिल्लाला जग दाखव.’ मला ती म्हाताऱ्याची बडबड वाटायची. आणि हेच अण्णा पिल्लू कडक व्हावं म्हणून त्याला मिरची चारायला सांगायचे! म्हणून माझं ठाम मत: गुरू एक धरू नका. जुन्या माणसाकडून जनावर बघायला शिका, औषधपाणी डॉक्टरांना विचारा, आणि स्वतःच्या दोन पिढ्या दाखवू शकत नाही अशा मोबाइलवरच्या ‘एक्स्पर्ट’ला कोणाच्याच जागी बसवू नका.

मग करायचं काय? रोगही टाळायचा आणि जगही दाखवायचं. पिल्लाचे पाय परक्या मातीला लावू नका, पण डोळे, कान, नाक सगळीकडे न्या. तिसऱ्या आठवड्यापासून मी रोज प्रत्येक पिल्लू दोन-तीन मिनिटं हातात घेतो, पंजे दाबतो, कान उलटे करतो, तोंड उघडतो. चौथ्यापासून घरातले सगळे, मग शेजारचे, मग गडी. येणाऱ्याने दारात ब्लीचच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि आत बसायचं, एवढंच. अंगणात पत्रा, गोणपाट, खडी, ओली फरशी, ताडपत्री टाकून ठेवतो. फवारणीचा ब्लोअर लांब सुरू करतो आणि पिल्लं जेवत असताना रोज थोडा जवळ आणतो. पहिली लस होऊन आठवडा गेला की भाजीच्या क्रेटमध्ये जुनी चादर, क्रेट गाडीवर, आणि चला. एसटी स्टँड, शाळा सुटायची वेळ, दवाखान्याबाहेरचा रस्ता (दवाखान्याचा ओटा मात्र नाही, आजारी कुत्री तिथेच येतात). चहाच्या टपरीवर क्रेट मांडीवर घेऊन अर्धा तास बसायचं. हेल्मेटवाला, काठीवाला म्हातारा, नऊवारीतली आजी, रडणारं पोर, बँडवाले. लस झालेलं, ओळखीचं मोठं कुत्रं असेल तर त्याच्याशी गाठ घालून द्या. गेल्या वेताच्या वहीत एका पिल्लापुढे 40 माणसं लिहिली आहेत. एवढं कुणी मोजतं का म्हणून बायको हसते, हसू दे.

यात जबरदस्ती नको. पिल्लू मागे सरकलं तर तुम्हीही मागे सरका. आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या आसपास काही पिल्लं अचानक भित्री होतात. त्या दिवसांत मोठा धसका बसला तर तो उतरायला फार वेळ लागतो. कान धीट व्हावेत म्हणून पिल्लाजवळ सुतळी बॉम्ब लावणारे लोक मी पाहिलेत. त्यांना जनावर देऊ नये, एवढंच बोलतो.

एक घोळ मात्र टाळा. कारवानी मुळातच अलिप्त असतो. परक्याने डोक्यावरून हात फिरवलेला त्याला आवडत नाही, लॅब्रॅडॉरसारखा तो अंगावर उड्या मारणार नाही. हे बुजरेपण नव्हे. परका माणूस आला की अलिप्त कुत्रं तोंड फिरवून चार पावलं लांब जाऊन बसतं आणि तिथून नजर ठेवतं. बुजरं शेपूट पोटाला चिकटवतं, थरथरतं, लाळ गाळतं, भूक असून समोरचं खात नाही. तुमचं पिल्लू पहिल्या प्रकारचं असेल तर उगीच घाबरू नका, त्याची जातच तशी आहे.

आणि त्या जातीवरून कोणाशी वाद घालत बसू नका. या कुत्र्याला कारवानी म्हणायचं की कर्नाटकातल्या मुधोळचं नाव द्यायचं, हा वाद आमच्याकडे जेवणाच्या पंगतीतही पेटतो. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कारवान हाउंड’ म्हणून नोंद करतो. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री जोपासली, पाचव्या जॉर्जला भेट दिली, म्हणून मुधोळकर हक्क सांगतात. 2005 च्या टपाल तिकिटावरही नाव मुधोळचंच आहे. जमलं तर मुधोळजवळ तिम्मापूरला जे सरकारी संशोधन केंद्र आहे ते बघून या. पण तुमची मादी निरोगी आहे का, तिचा स्वभाव कसा, हे नावावरून ठरत नाही. बुजरी मादी कितीही देखणी असली तरी लावू नका. भित्रेपणा रक्तातूनही उतरतो, आणि पिल्लं आईकडे बघून शिकतात ते वेगळंच.

शिकवण्याबद्दल थोडक्यात. नजरेने धावणारं कुत्रं आहे हे. एकदा काही पळताना दिसलं की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हाक पक्की होईपर्यंत मोकळ्या रानात सोडायचं नाही. मी बैलाचा सुती कासरा वापरतो, स्वस्त आणि हाताला मऊ. शिट्टी, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, पाच मिनिटं, बस. शेरडांत सहाव्या आठवड्यापासून बसवा, म्हणजे पुढे शेरडामागे धावणार नाही. वर्षाचं होईपर्यंत डांबरी रस्त्यावर गाडीमागे पळवू नका, हाडं अजून कच्ची असतात. ‘पंधरा दिवस आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो’ म्हणणाऱ्या एकाकडे मी एक पिल्लू ठेवलं होतं. परत आलं ते माणसाने हात वर केला की जमिनीला चिकटणारं.

शिकारीसाठी पिल्लू मागणारे येतील, पैसेही जास्त देतील. सशामागे कुत्रं सोडणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मी सरळ नाही म्हणतो. राखणीला न्या, मेंढरांत न्या. धंदा करणाराने 2017 चे ब्रीडिंगचे नियमही एकदा वाचावेत: राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, अठरा महिन्यांच्या आत मादी लावायची नाही, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. आठव्या आठवड्यात दिलं तर जग दाखवायचं निम्मं काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणून मी पिल्लाबरोबर वहीही देतो आणि बजावतो, सोळा आठवडे कोंडायचं नाही. तरी काहीजण कोंडतात.

तुमच्याकडे आधीच असं कोंडलेलं पिल्लू असेल आणि हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर ऐका. पूर्ण भरून निघत नाही, पण पुष्कळ सुधारतं. घाई नको, अंगावर लोक सोडू नका, लांबून बघू द्या, बघताना खायला द्या. पाखऱ्या रात्री बागेची राखण चोख करतो. साळिंदर आलं तरी आवाज देतो. सकाळी साडेसहाला दूधवाल्याची मोटारसायकल गेटाशी वळली की मात्र आजही मोटारीच्या खोलीमागे जातो. गाडी गेली की येतो, जिथे ती उभी होती तिथली माती हुंगतो, आणि मग दूध पितो.