वेगवान गाड्यांच्या बातम्यांतले आकडे कसे वाचावेत

'अमक्या गाडीने तमकीचा विक्रम मोडला' अशी बातमी आली की आमच्या कट्ट्यावर आधी भांडण होतं, बातमी नंतर वाचली जाते. तुम्ही क्रम उलटा ठेवा आणि आधी मोजलं कसं ते बघा.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या रेस ट्रॅकचंच घ्या, तिथे एका फेरीची वेळ मोजतात. 2019 मध्ये रेनो मेगान आर.एस. ट्रॉफी-आरची वेळ गाजली 7:40.1, म्हणजे 7 मिनिटं 40.1 सेकंद. 2023 मध्ये होंडा सिव्हिक टाइप आरने लावले 7:44.9, तरी पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांमधला विक्रम होंडाकडे गेला. पावणेपाच सेकंद जास्त लागूनही? गोम फेरीच्या लांबीत आहे. आधी बऱ्याच कंपन्या ग्रँडस्टँडसमोरचा सरळ तुकडा सोडून 20.6 किलोमीटर मोजायच्या. आता पूर्ण 20.832 मोजतात. पूर्ण फेरीला मेगानला 7:45.4 लागले होते. म्हणजे फरक जेमतेम अर्ध्या सेकंदाचा, आणि तोही होंडाच्या बाजूने. आता सामान बघा: मेगानची मागची सीटच काढलेली, तर होंडाला मिशेलिनचे ट्रॅकसाठीचे कप 2 टायर. माझं मत होंडाला. आई-बाबांना मागे बसवता येतं हो!

दुसरी गोष्ट टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. हे सूत्र मोबाइलमध्ये लिहून ठेवा: टॉर्क (एनएम, म्हणजे न्यूटन-मीटर) गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), भागिले 7023, उत्तर पीएसमध्ये, म्हणजे मेट्रिक अश्वशक्तीत. जपानमधली 2017 ची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट बघा, आपल्याकडे कधी आलीच नाही ती. 230 एनएम, 2500 ते 3500 आरपीएमला. 3500 ला हिशेब केला तर साधारण 115 पीएस. पण कमाल ताकद 140 पीएस, 5500 ला. उलटा हिशेब केला की तिथे टॉर्क उरतो सुमारे 179 एनएम. म्हणजे खरी मजा मधल्या आरपीएममध्ये, घाटात तिसऱ्या गिअरवर. आरपीएमच्या लाल रेषेपर्यंत ताणून फारसं काही हाती लागत नाही. वर वजन फक्त 970 किलो, म्हणजे टनामागे 144 पीएस. नुसत्या 'पॉवर किती' या प्रश्नाने यातलं काहीच कळत नाही.

एककही तपासा. उदाहरणार्थ, 265 पीएस म्हणजे 261 बीएचपी (ब्रिटिश अश्वशक्ती) म्हणजे 195 किलोवॉट. एकीचे पीएस आणि दुसरीचे बीएचपी समोरासमोर ठेवून वाद घालणारे महाभाग मी रोज बघतो.

गाडीवरच्या बिल्ल्याला भुलू नका. युरोपातल्या ह्युंदाई आय20 एन ला 204 पीएस होते; आपल्या आय20 एन लाइनला 120. एन लाइन वाईट नाही, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन नेहमीच्या आय20 पेक्षा कडक आहे, पण ती वेगळी गाडी आहे.

शेवटी किंमत. 2025 मध्ये फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय भारतात आली ती तयार आयात होऊन, पहिल्या खेपेत 150 गाड्या, एक्स-शोरूम सुमारे 53 लाख. बातमी इथेच थांबते. महाराष्ट्रात त्यावर रोड टॅक्सचे आणखी काही लाख. विमा वेगळा. 'एवढ्या पैशात अमकी घेतली असती' हे मत देण्याआधी त्या अमकीचाही ऑन-रोड आकडा काढा, आणि तोही तुमच्याच आरटीओचा.