भाजीवर यूव्ही लाईट मारताय? मग या चुका टाळा

भाजी जास्त दिवस टिकावी, तिला बुरशी लागू नये म्हणून आपण यूव्ही (अतिनील) ट्यूब लावतो, आणि ती निळी पेटली की आपल्याला वाटतं चला, काम सुरू झालं. सगळी गडबड इथूनच सुरू होते. मी पण पहिल्यांदा हेच केलं होतं, कोल्ड रूमच्या छताला एक यूव्ही ट्यूब लटकवली, खाली टोमॅटोचे क्रेट एकावर एक रचले आणि रात्रभर चालू ठेवून निवांत झोपलो. आठवड्याने बघतो तर अगदी वरच्या थरातल्या टोमॅटोवर तपकिरी डाग, आणि मधल्या क्रेटमध्ये बुरशी नेहमीसारखीच मजेत. वरच्यांना अति झालं आणि खालच्यांपर्यंत काही पोचलंच नाही.

तर पहिली चूक म्हणजे यूव्हीला "लाईट" समजणं. तो डोस आहे, औषधासारखा. लाईट किती तीव्र आहे गुणिले किती सेकंद पडला, हा झाला डोस, आणि तो किलोज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. टोमॅटोवरच्या प्रयोगांमध्ये ३.७ हा आकडा बऱ्याचदा दिसतो, ब्रोकोली पिवळी पडू नये म्हणून ८ ते १० पर्यंत जातात, नाजूक पालेभाजीला मात्र जपून. समजा भाजी ठेवायच्या जागी यूव्ही मोजणारा मीटर १ मिलिवॉट प्रति चौरस सेंटीमीटर दाखवतोय (म्हणजे चौरस मीटरवर सेकंदाला १० ज्यूल), तर टोमॅटोला ३.७ चा डोस द्यायला ३७० सेकंद लागतात, म्हणजे सहा मिनिटं आणि वर थोडं. सहा मिनिटं! आणि मी रात्रभर चालू ठेवली होती.

आता कमी डोस का चालतो ते सांगतो, कारण हे कळलं की अर्ध्या चुका आपोआप कमी होतात. यूव्ही-सी, म्हणजे यूव्हीतला जंतू मारणारा प्रकार, बुरशीच्या आणि बॅक्टेरियाच्या डीएनएमध्ये गाठी पाडतो, त्यामुळे त्यांना वाढता येत नाही, हे एक काम. दुसरं काम जास्त मजेशीर आहे, थोडासा यूव्ही लागला की भाजी स्वतःच सावध होते आणि बुरशीशी लढणारी द्रव्यं बनवायला लागते, गाजरात तर हे अगदी स्पष्ट मोजता येतं. टोमॅटोत पिकण्याचा वेग पण मंदावतो. पण ही तयारी व्हायला काही दिवस जातात, त्यामुळे आज लाईट मारला आणि उद्या फरक शोधला तर निराशाच हाती येणार. आणि डोस जास्त झाला की तीच भाजी सावध व्हायच्या ऐवजी भाजते, डाग पडतात, पानं मऊ पडतात आणि माल उलट लवकर खराब होतो.

बुरशी लागलेला माल वाचवायला जे यूव्ही आणतात त्यांच्यासाठी वाईट बातमी. हा लाईट सालीच्या आत जवळपास शिरतच नाही, त्यामुळे आत गेलेली सड तशीच राहते. तोडणीनंतर लवकरात लवकर, चांगला निवडलेला माल घ्या, टोमॅटो असेल तर हिरवा पण पूर्ण भरलेला. माती लागलेली असेल तर आधी धुवून पूर्ण सुकवा, मातीच्या कणामागे जंतू आरामात लपून बसतो.

सावलीचा मुद्दा तर सगळ्यात जास्त लोक विसरतात. क्रेट रचून ठेवले की खालच्या क्रेटला काहीच मिळत नाही, आणि एका थरात पसरले तरी प्रत्येक नगाची खालची बाजू अंधारातच. एक तर माल फिरवा, नाहीतर वरून खालून दोन्हीकडून ट्यूब लावा, किंवा रोलरवरून माल गडगडत नेला तर सगळ्यात बरं. पेटीला आतून अॅल्युमिनियम लावलं तर लाईट चांगला परत फेकला जातो, स्टेनलेस स्टील चकचकीत दिसतं पण यूव्ही-सीसाठी त्याच्या बरंच मागे आहे, आणि काचेचा आरसा तर बिलकुल नको कारण साधी काच हा लाईट गिळून टाकते. म्हणूनच काचेच्या दाराआडून किंवा जाड प्लास्टिकच्या झाकणावरून यूव्ही मारणं म्हणजे नुसतं वीजबिल.

जांभळा लाईट देणारी स्वस्त एलईडी पट्टी पण चालणार नाही. तिच्या लाईटची तरंगलांबी बहुतेक वेळा ३६५ ते ३९५ नॅनोमीटर असते, आपल्याला लागतो २५४ च्या आसपासचा. पाऱ्याच्या ट्यूबचा निळसर रंग दिसतो तो पण यूव्ही नाही, तो सोबत येणारा साधा प्रकाश आहे, यूव्ही-सी डोळ्याला दिसतच नाही. त्यामुळे जुनी ट्यूब आधीसारखीच निळी दिसते पण तिचा यूव्ही कमी झालेला असतो. तिच्यावर किती तास झाले ते लिहून ठेवा. धूळ आणि बोटांचे ठसे स्पिरिटने पुसा, अर्थात ट्यूब बंद करून आणि गार झाल्यावर.

माझी सगळ्यात महागातली चूक मात्र वेगळीच निघाली. साधी पाऱ्याची ट्यूब सगळ्यात जास्त यूव्ही देते ती तिचा पृष्ठभाग साधारण ४० अंशाला असताना, आणि मी ती ४ अंशाच्या खोलीत, वर पंख्याच्या झोतात लावलेली. अशा ठिकाणी आउटपुट निम्म्यावर सुद्धा येऊ शकतं. बाहेर मोजलेला वेळ आत चालत नाही, म्हणून ट्रीटमेंट शक्यतो कोल्ड रूमच्या बाहेर बंद पेटीत करा, ट्यूब पाच-दहा मिनिटं तापू द्या, मग माल आत घ्या.

ट्रीटमेंट झाल्यावर माल उजेडात ठेवू नका. बऱ्याच जंतूंकडे निळ्या उजेडावर चालणारं एक एन्झाइम असतं, ते डीएनएमधल्या गाठी सोडवून टाकतं, म्हणजे मारलेला जंतू परत उठतो. काही तास अंधारात ठेवा. बटाट्याला तर अंधार तसाही हवाच, नाहीतर हिरवा होतो.

खोलीत तिखट, वीज पडल्यासारखा वास येतोय? ट्यूब ओझोन बनवतेय, म्हणजे ती १८५ नॅनोमीटरचा लाईट पण सोडणारी आहे. ओझोन पालेभाजीची पानं पांढरी पाडतो, दाराचे रबर चिरतो आणि आपल्या छातीला पण चांगला नाही. ओझोन न करणारी ट्यूब मागून घ्या.

आणि डोळे. चालू ट्यूबकडे एकदाही बघायचं नाही. त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, कातडी पण भाजते. पेटीचं दार उघडलं की ट्यूब आपोआप बंद होईल असा स्विच बसवा, "मी लक्ष ठेवतो" यावर विसंबू नका. ट्यूब फुटली तर आत पारा आहे, खोली उघडी करा आणि झाडू मारू नका.

एवढं करून फरक पडतोय का हे कसं कळणार? प्रत्येक लॉटमधला एक क्रेट यूव्ही न मारता बाजूला ठेवा, त्याच खोलीत, त्याच गारव्यात. दोन्हीवर तारीख लिहा. माझ्याकडे तीन लॉट असे ठेवल्यावर कळलं की सिमला मिरचीत जो फरक मी यूव्हीचा समजत होतो, तो खरं तर हवेत ओलावा सोडणाऱ्या नवीन ह्युमिडिफायरचा होता.