कोलाज शिकायचं तर आधी खळ शिजवा

दर मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आठ-दहा पोरं कोलाज शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी कात्री काढतच नाही, खळ शिजवायला लावते. कारण शब्दातच ती आहे. कोलाज म्हणजे तुकड्यांची जुळवाजुळव असं आपण धरून चालतो, पण फ्रेंचमध्ये ‘कोल’ म्हणजे खळ, ‘कोले’ म्हणजे चिकटवणं आणि ‘कोलाज’ म्हणजे चिकटवण्याचं काम. भिंतीवर पोस्टर डकवणं हेही तिकडे कोलाजच. मूळ ग्रीक ‘कोला’, म्हणजे सरस. कातड्यातल्या कोलॅजेनचं नावही त्यावरूनच.

1912 मध्ये पिकासोनं वेताची वीण छापलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि भोवती खरा दोर लावला. त्याच वर्षी चित्रकार ब्राकनं लाकडाच्या रेषांचा भिंतीचा कागद कापून चित्रात डकवला. ब्राक तर घरं रंगवण्याचं काम शिकलेला माणूस. कारागिराचं काम चित्रात आलं, ते नावासकट.

आता खळ. एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली, पळीवरून सलग धार पडली की उतरवा. वडील बायंडिंगच्या खळीत बुरशी-वाळवीसाठी मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको.

घाई सगळ्यांची इथेच होते: खळ लावली की लगेच कागद चिकटवतात. ओला कागद फुगतो, मग फुगे येतात. खळ लावून मिनिटभर थांबा. कागद सैल पडला की उचला, मधून कडेकडे फडक्यानं दाबत न्या.

आपल्या नागपूरच्या उन्हात वरचा कागद भराभर वाळून आक्रसतो आणि पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. म्हणून पुठ्ठ्याच्या पाठीलाही तेवढाच कागद चिकटवा, दोन्हीकडची ओढ सारखी होते. पंख्याखाली किंवा गच्चीवर ठेवू नका. कोऱ्या कागदांत घालून वर पाटा ठेवा, रात्रभर राहू द्या. वर्तमानपत्रात दाबलं तर शाई उमटते.

उरलेली खळ झाकून फ्रीजमध्ये ठेवा. आंबट वास आला की टाकून द्या.